मुंबईच्या रनवेवर लहान विमानांची नेमकी अडचण काय? जालन्याच्या प्रवाशाचा त्याच्याशी संबंध कसा?

जालन्यात प्रवासी विमानतळ नाही. सळया, बियाणं आणि मोसंबीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यातल्या माणसाला विमान पकडायचं असेल, तर छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा गाठावं लागतं. तिथून मुंबईचं हवाई अंतर तासाभराचंही नाही. पण विमान मुंबईजवळ पोहोचलं म्हणजे लगेच उतरलं असं होत नाही. 'लँडिंगसाठी परवानगीची वाट पाहत आहोत', ही वैमानिकाची घोषणा मुंबईला नेहमी जाणाऱ्यांना पाठ झाली आहे.

या गर्दीमागे मोठ्या कंपन्यांची विमानं आहेतच. पण त्याच धावपट्टीवर सहा-आठ आसनांची खासगी जेट, एअर ॲम्ब्युलन्स आणि सरकारी विमानंही उतरतात. मोठी आणि लहान विमानं एकाच रनवेवर आली की सुरक्षेचं गणित बदलतं.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. त्यामुळे मुंबई महानगराला दुसरा मोठा रनवे मिळाला आणि एक जुना प्रश्न पुन्हा समोर आला. लहान विमानांना गर्दीच्या विमानतळावर जागा द्यायची की त्यांना बाहेर काढायचं? आणि बाहेर काढायचं, तर पाठवायचं कुठे?

आधी मुंबईचं गणित समजून घेऊ

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवता येत नाहीत. प्रत्यक्षात हा एका रनवेचा विमानतळ आहे आणि त्यावर दिवसाला हजाराच्या आसपास विमानांची ये-जा होते.

गर्दीच्या तासात इथे ४६ विमानं उतरत किंवा उडत होती. म्हणजे दर ७८ सेकंदांना एक.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने यात हस्तक्षेप केला. विमानांना ४० ते ६० मिनिटं शहरावर घिरट्या घालाव्या लागत आहेत, असं निरीक्षण मंत्रालयाने नोंदवलं. त्यानंतर दोन निर्णय झाले.

- गर्दीच्या तासातली ये-जा ४६ वरून ४४ वर आणि इतर तासांतली ४४ वरून ४२ वर आणण्यात आली.
- खासगी आणि बिगर-वेळापत्रक विमानांवर दिवसातले ४ तास असलेली बंदी ८ तासांची करण्यात आली.

दुसऱ्या निर्णयावर प्रवाशांची प्रतिक्रिया साधारण अशी होती: 'बरं झालं, श्रीमंतांच्या जेटमुळे आम्ही का थांबायचं?' त्यात तथ्य आहे. पण लहान विमान म्हणजे फक्त उद्योगपतीचं जेट नव्हे. म्हणून अडचण नेमकी कुठे येते, हे आधी पाहायला हवं.

लहान विमान जास्त वेळ का घेतं?

पहिलं कारण वेग. एअरबस ए-३२० सारखं विमान रनवेकडे येताना साधारण १३५ ते १४० नॉट, म्हणजे ताशी २५० किलोमीटरच्या आसपास वेगाने येतं. एअर ॲम्ब्युलन्स म्हणून वापरलं जाणारं किंग एअरसारखं पंख्याचं विमान साधारण १०० नॉटने येतं. मालवाहू ट्रॅक्टर पुढे असेल आणि ओव्हरटेक करायला जागाच नसेल, तर मागे रांग लागते. इथेही तेच होतं.

दुसरं कारण हवेतला भोवरा. उडणाऱ्या प्रत्येक विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन फिरते भोवरे मागे सुटतात. विमान जितकं जड, तितका भोवरा जोरदार. तो डोळ्यांना दिसत नाही, पण मागून येणाऱ्या हलक्या विमानाला आडवं करू शकतो. यालाच वेक टर्ब्युलन्स म्हणतात.

म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत विमानांचे वजनानुसार गट केलेले आहेत. ७ टनांपर्यंतची विमानं हलकी, त्यापुढे १३६ टनांपर्यंतची मध्यम आणि त्याहून जास्त वजनाची जड. उतरताना हलक्या विमानाने मध्यम विमानाच्या मागे ५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ९ किलोमीटर अंतर ठेवायचं. पुढे जड विमान असेल तर ६ सागरी मैल.

आता साधा हिशोब करू. दोन ए-३२० एकामागे एक येत असतील, तर रडारवर त्यांच्यात ३ सागरी मैल अंतर पुरतं. ते अंतर कापायला मागच्या विमानाला सुमारे ७७ सेकंद लागतात. ए-३२० च्या मागे किंग एअर असेल, तर ५ सागरी मैल १०० नॉटने कापायला १८० सेकंद लागतात. म्हणजे एक हलकं विमान रांगेत आलं की दोन मोठ्या विमानांची जागा जाते.

हे अंतर कमी करून चालत नाही. जानेवारी २०१७ मध्ये मालदीवहून निघालेलं एक चॅलेंजर ६०४ बिझनेस जेट अरबी समुद्रावर ए-३८० विमानाच्या खालून गेलं. दोन्हींमध्ये हजार फुटांचं अंतर होतं. तरीही भोवऱ्यात सापडून ते जेट हवेतच उलटंपालटं झालं आणि हजारो फूट खाली आलं. वैमानिकांनी ते कसंबसं मस्कतला उतरवलं. विमानाचं इतकं नुकसान झालं होतं, की ते पुन्हा उडालं नाही.

सगळी लहान विमानं संथ असतात असं मात्र नाही. लिअरजेटसारखी जेट विमानं जवळपास मोठ्या विमानांच्याच वेगाने येतात आणि वजनाने मध्यम गटात मोडतात. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना वेळापत्रक नसतं, ती अचानक येतात आणि रांगेत त्यांच्यासाठी फट शोधावी लागते.

मुंबईत १४ सप्टेंबर २०२३ ला काय झालं?

त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास मुंबईत मुसळधार पाऊस होता. दृश्यमानता ७०० मीटरपर्यंत खाली आली होती. विशाखापट्टणमहून आलेलं एक लिअरजेट ४५ मुख्य रनवेवर उतरताना बाजूला घसरलं आणि मोडलं. विमानात दोन वैमानिक आणि सहा प्रवासी होते. सगळे बचावले.

पण मुख्य रनवे दीड तासाहून जास्त काळ बंद राहिला. अनेक विमानं दुसऱ्या शहरांकडे वळवावी लागली. आठ जणांच्या एका विमानाच्या अपघाताने देशातल्या सर्वांत गर्दीच्या विमानतळांपैकी एक ठप्प झाला.

याला रनवे एक्स्कर्शन म्हणतात, म्हणजे विमान धावपट्टी सोडून बाजूला किंवा पुढे घसरणं. हे फक्त लहान विमानांचंच होतं असं नाही. १ जुलै २०१९ ला जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं बोइंग ७३७ याच रनवेच्या पुढे गेलं आणि मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. २१ जुलै २०२५ ला कोचीहून आलेलं एअर इंडियाचं ए-३२० पावसात घसरलं, तेव्हा दुसरा रनवे वापरात आणावा लागला.

पावसाळ्यातला रनवे मोठं-लहान पाहत नाही. पण एकाच रनवेवर सगळा भार असेल, तर कुठल्याही एका घसरणीची किंमत सगळ्यांना मोजावी लागते.

सर्वांत मोठा धोका: विमान दिसतच नाही

घसरण दिसते, तिचे व्हिडिओ व्हायरल होतात. त्याहून घातक गोष्ट म्हणजे एका विमानासाठी मोकळा असायला हवा असलेल्या रनवेवर दुसरं विमान असणं. याला रनवे इन्कर्शन म्हणतात. जगातले यातले काही भीषण अपघात मोठ्या विमानतळावरच्या लहान विमानाशी जोडलेले आहेत.

*लॉस एंजेलिस, १ फेब्रुवारी १९९१.* रात्रीची वेळ होती. स्कायवेस्टचं एक छोटं मेट्रोलायनर विमान उड्डाणासाठी रनवेवर उभं होतं. त्याच रनवेवर कंट्रोलरने यूएसएअरच्या बोइंग ७३७ ला उतरण्याची परवानगी दिली. लहान विमानाचे दिवे रनवेच्या दिव्यांमध्ये मिसळून गेले होते. बोइंगच्या वैमानिकांना ते दिसलंच नाही. ३५ जणांचा मृत्यू झाला.

*मिलान लिनाते, ८ ऑक्टोबर २००१.* दाट धुक्यात सेसना सायटेशन हे छोटं जेट चुकीच्या टॅक्सीवेवर वळलं आणि थेट रनवेवर आलं. त्याच वेळी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचं एमडी-८७ उड्डाणासाठी धावत होतं. ११८ जणांचा मृत्यू झाला. विमानतळावर जमिनीवरच्या विमानांवर नजर ठेवणारं रडार चालू नव्हतं आणि दिशादर्शक खुणाही अपुऱ्या होत्या.

*टोकियो हानेदा, २ जानेवारी २०२४.* भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं जपानी तटरक्षक दलाचं डॅश-८ रनवेवर जाऊन थांबलं. सुमारे ४० सेकंद ते तिथेच होतं. मागून जपान एअरलाइन्सचं ए-३५० त्याच रनवेवर उतरलं. ए-३५० मधले सगळे ३७९ जण बाहेर पडू शकले. तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला.

हानेदाच्या तपासात दोन शब्दांकडे लक्ष गेलं. कंट्रोलरने तटरक्षक विमानाला 'नंबर वन' असं सांगितलं होतं. अर्थ होता, उड्डाणाच्या रांगेत तुमचा क्रमांक पहिला, रनवेच्या अलीकडे थांबा. वैमानिकाचा समज झाला, की रनवेवर जायला परवानगी मिळाली. अपघातानंतर जपानने हा शब्दप्रयोग काही काळ थांबवला. कंट्रोलरच्या स्क्रीनवर रनवे व्यापल्याची सूचना येत होती, पण तिकडे लक्ष गेलं नाही.

तिन्ही घटनांमध्ये विमान लहान होतं आणि विमानतळ गजबजलेला. कुठे कंट्रोलरची चूक होती, कुठे वैमानिकाची. पण कुठल्याही ठिकाणी ती चूक वेळेत पकडणारी दुसरी यंत्रणा कामाला आली नाही. यातला धडा हाच आहे. माणूस कधी ना कधी चुकणारच. त्या चुकीनंतर उरलेल्या काही सेकंदांत कोण जागं असतं, यावर सगळं ठरतं.

२५ फेब्रुवारी २०२५ ला शिकागोच्या मिडवे विमानतळावर हेच घडता घडता राहिलं. एक खासगी चॅलेंजर जेट रनवेच्या अलीकडे न थांबता पुढे गेलं. साउथवेस्टचं बोइंग टेकणार, एवढ्यात त्याच्या वैमानिकाने समोर पाहिलं आणि विमान पुन्हा वर घेतलं. ऊन होतं म्हणून दिसलं. धुकं असतं तर?

मुंबईत असं होऊ शकतं का?

८ जून २०२४ चा व्हिडिओ आठवत असेल. इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान मुंबईच्या रनवेवर टेकलं, तेव्हा तिरुवनंतपुरमला निघालेलं एअर इंडियाचं विमान त्याच रनवेवर पुढे धावत होतं. काही क्षणांत ते हवेत गेलं आणि अनर्थ टळला. त्या वेळच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरला कामावरून बाजूला करून चौकशी सुरू झाली.

दोन्ही विमानं मोठी होती, वेगाने सारखी होती आणि दोन्हींना वेळापत्रक होतं. तरीही अंतर इतकं कमी झालं. ७८ सेकंदांच्या लयीत काम करणाऱ्या कंट्रोलरच्या रांगेत एक संथ, हलकं आणि अचानक आलेलं विमान टाकलं, तर त्याच्या डोक्यावरचा ताण किती वाढेल, याचा अंदाज यावरून येतो.

मग लहान विमानांवर बंदीच का नको?

कारण 'लहान विमान' या एका शब्दात तीन अगदी वेगळे प्रवासी बसलेले असतात.

पहिला, स्वतःचं किंवा भाड्याचं जेट घेऊन येणारा. त्याला दोन तास उशिरा या म्हणता येतं.

दुसरा, एअर ॲम्ब्युलन्समधला रुग्ण. मराठवाड्यातून गंभीर रुग्ण मुंबई, हैदराबाद किंवा चेन्नईला हलवायचा असेल, तर विमान असंच छोटं असतं. त्याला थांबा म्हणता येत नाही. वैद्यकीय आणीबाणीतल्या विमानाला हवाई नियंत्रणात प्राधान्य असतं आणि ते असायलाच हवं.

तिसरा, जिल्ह्याच्या ठिकाणाहून ७० आसनांच्या एटीआरने किंवा त्याहून लहान विमानाने येणारा साधा प्रवासी. याची बाजू सर्वांत कमी मांडली जाते. 'उडान' योजना आली तेव्हा महाराष्ट्रातल्या लहान शहरांना मुंबईशी जोडण्यात मोठा अडथळा होता मुंबईतल्या स्लॉटचा. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने १९ आसनी बीचक्राफ्टने जळगाव-मुंबई सेवा सुरू केली, पण ती नियमित चालली नाही. १८० प्रवाशांच्या विमानाइतकीच रनवेची वेळ १९ प्रवाशांच्या विमानाला द्यायची का, हा सवाल विमानतळ विचारणारच.

गंमत म्हणजे सरकारचं धोरण दोन दिशांना ओढतं. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत नियमित विमानांना भारतात लँडिंग शुल्क माफ आहे, कारण लहान शहरं जोडली जावीत. पण गर्दीच्या विमानतळावर खरी किंमत शुल्काची नसते, वेळेची असते. आणि ती वेळ लहान विमानाला मिळत नाही.

अमेरिकेत हा वाद फार आधी झाला. १९८८ मध्ये बोस्टनच्या लोगन विमानतळाने गर्दी कमी करण्यासाठी लहान विमानांचं लँडिंग शुल्क भरमसाट वाढवलं. अमेरिकी परिवहन विभागाने ते अन्यायकारक ठरवलं आणि विमानतळाला माघार घ्यावी लागली. कुणालाही फक्त विमान लहान म्हणून दारातून परत पाठवता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

इतर शहरांनी काय केलं?

बहुतेकांनी लहान विमानांना हाकलण्याऐवजी वेगळं घर दिलं. न्यूयॉर्कजवळ टेटरबरो हा विमानतळ प्रामुख्याने खासगी विमानांसाठी आहे. पॅरिसला ले बुर्जे आहे. लंडनमध्ये खासगी जेट हीथ्रोऐवजी फार्नबरो किंवा बिगिन हिलला जातात.

मुंबईकडे जुहू आहे. १९२८ मध्ये सुरू झालेलं हे भारतातलं पहिलं नागरी विमानतळ. पण तिथला रनवे जेमतेम ११०० मीटरचा आहे. हेलिकॉप्टर आणि पंख्याची छोटी विमानं तिथे चालतात, जेटना तो पुरत नाही. समुद्र, रस्ता आणि इमारतींमुळे तो वाढवणंही कठीण.

शिवाय जुहू मुख्य विमानतळाला इतकं लागून आहे, की २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं अवाढव्य डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरलं आणि रनवेच्या पुढे गेलं. जवळजवळच्या धावपट्ट्या आणि वेगवेगळ्या आकाराची विमानं असतील, तर आकाशाचीही आखणी काटेकोर लागते. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये उतरणाऱ्या एका प्रवासी जेटला लष्करी हेलिकॉप्टर धडकलं आणि ६७ जणांचा मृत्यू झाला, तो याच आखणीतला दोष होता.

त्यामुळे नजर नवी मुंबईकडे जाते. तिथल्या आराखड्यात खासगी विमानांसाठी वेगळी सोय आहे. तसंच पूर्ण झाल्यावर तिथे एकमेकींना न छेदणाऱ्या दोन समांतर धावपट्ट्या असतील. मुंबईला आजवर नेमकं हेच मिळालं नव्हतं. सध्या मात्र तिथेही एकच रनवे आहे. लहान विमानांना सुरुवातीपासून ठरावीक जागा आणि वेळ दिली नाही, तर काही वर्षांत मुंबईचीच गर्दी पनवेलच्या बाजूला उभी राहील.

भार जिल्ह्यांवर आला तर?

मुंबईत बंदीचे तास वाढले, की काही खासगी विमानं रात्री मुक्कामाला दुसरीकडे थांबतात. पुणे, नाशिक, शिर्डी आणि संभाजीनगर हे सहज सुचणारे पर्याय. प्रशिक्षण संस्था, निवडणुकीतली चार्टर विमानं, उद्योगांची विमानं हा सगळा भार हळूहळू जिल्ह्यांकडे सरकतो. जालना-संभाजीनगर औद्योगिक पट्टा आणि समृद्धी महामार्ग पाहता चिकलठाण्यावर तो वाढेल, असं मानायला जागा आहे.

पण तिथला रनवे कसा आहे, हा प्रश्न मराठवाड्याने एकदा फार मोठी किंमत मोजून शिकला आहे.

२६ एप्रिल १९९३ ची दुपार. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ औरंगाबादहून मुंबईकडे निघालं. विमानात ११८ जण होते. विमानाने जमीन सोडायला उशीर केला. रनवेच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता. त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचं डावं चाक आणि डावं इंजिन ट्रकला धडकलं. पुढे विमान विजेच्या उच्चदाब तारांवर आदळून कोसळलं. ५५ जणांचा मृत्यू झाला.

चौकशीत वैमानिकाने विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलल्याचं नोंदवलं गेलं. पण तिथेच थांबलं नाही. उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक न रोखणं, ही तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाची चूकही कारणांमध्ये धरली गेली.

म्हणजे विमानतळ गर्दीचा नव्हता. आकाश मोकळं होतं. गर्दी कुंपणाबाहेर होती.

आज चिकलठाण्याचा रनवे तेव्हापेक्षा लांब, सुमारे २,८०० मीटर आहे. तो १२ हजार फुटांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव आणि त्यासाठीचं भूसंपादन अनेक वर्षं चर्चेत आहे. बातम्यांमध्ये चर्चा असते ती मोठी विमानं येणार का, आंतरराष्ट्रीय उड्डाणं सुरू होणार का याची. सुरक्षेचा मुद्दा त्यात मागे पडतो.

रनवे संपल्यावर पुढे मोकळी, सपाट जागा लागते. तिला रनवे एंड सेफ्टी एरिया म्हणतात. मोठ्या रनवेसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत ती किमान ९० मीटर असावी लागते आणि २४० मीटरची शिफारस आहे. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पावसात रनवेच्या पुढे जाऊन उतारावरून खाली कोसळलं आणि २१ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतात या जागेची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली.

जागा कमी असेल तिथे एक उपाय आहे. रनवेच्या टोकाला ठिसूळ सिमेंटसारख्या पदार्थाचा थर घालतात. विमान त्यावर गेलं की चाकं रुततात आणि ते थांबतं. अमेरिकेत अशी व्यवस्था शंभराहून जास्त रनवे-टोकांना आहे.

आता काय विचारायला हवं?

लहान विमानांची चर्चा 'व्हीआयपी विरुद्ध सामान्य' अशी रंगवली, की रील चांगली चालते. पण त्यातून रनवे सुरक्षित होत नाही. विचारायचे प्रश्न साधे आहेत.

- बंदी सरसकट आहे की विचारपूर्वक? खासगी जेट, रुग्णवाहिका विमान आणि जिल्ह्याची प्रवासी सेवा यांना एकाच रांगेत उभं करू नये.
- प्रत्येक लहान विमान स्क्रीनवर दिसतं का? हानेदाच्या तटरक्षक विमानात स्वतःचं स्थान आपोआप कळवणारी एडीएस-बी यंत्रणा नव्हती. गर्दीच्या विमानतळावर येणाऱ्या प्रत्येक विमानात ती असणं, ही किमान अट असू शकते.
- रनवेच्या तोंडावर लाल दिवे आहेत का? परवानगी मिळेपर्यंत पेटलेले राहणारे स्टॉप बार हे चुकलेल्या वैमानिकासाठी शेवटचं दार असतं. लिनातेच्या धुक्यात तेच हवं होतं.
- बोलणं तंतोतंत होतं का? सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवणं, म्हणजे रीडबॅक, हा नियम आहे. कधीतरीच गर्दीच्या विमानतळावर येणाऱ्या वैमानिकासाठी तो जास्त महत्त्वाचा.
- कंट्रोलर पुरेसे आहेत का? विमानांची संख्या वाढवताना टॉवरमधली माणसंही वाढायला हवीत.
- कुंपणाबाहेर काय आहे? रस्ता, विजेच्या तारा, नवी बांधकामं आणि पक्षी जमवणारा उघडा कचरा. यातल्या बऱ्याच गोष्टी विमानतळाच्या नाही, तर महापालिका आणि जिल्हा प्रशासनाच्या हातात असतात.

शेवटचा प्रश्न जालना-संभाजीनगरच्या वाचकाच्या सर्वांत जवळचा आहे. मुंबईत दोन विमानांमध्ये किती सेकंद ठेवायचे, हे दिल्लीत ठरतं. पण चिकलठाण्याच्या रनवेच्या टोकाला काय बांधायचं, कोणता रस्ता वळवायचा आणि विस्ताराच्या जमिनीत सुरक्षेसाठी किती जागा सोडायची, हे ठरवण्यात स्थानिक लोकप्रतिनिधींचा आणि प्रशासनाचा वाटा मोठा आहे.

विमानसेवा वाढावी ही मराठवाड्याची मागणी रास्तच आहे. पुढची घोषणा होईल तेव्हा 'किती नवी विमानं?' याच्या जोडीला 'रनवेच्या पुढे किती मोकळी जमीन?' हेही विचारलं, तर १९९३ मधून काही शिकलो असं म्हणता येईल.